पिकअपचा नंबर

लाइट गेली होती. दर्यापुरातल्या त्या गल्लीत ओट्यावर चारपाच पोरं मोबाइलच्या उजेडात बसली होती आणि त्यांच्यामध्ये श्रावणकाका, कानांना मफलर गुंडाळून. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. कुणीतरी भुताचा विषय काढला, तशी त्यांनी त्याला हटकलं. ऐकीव गोष्टी नका सांगू म्हणाले. मी माझ्या मावसभावाच्या पोराची सांगतो, सुगतची. त्याच्या तोंडून ऐकली तशीच सांगतो.

सुगत संगणकाचे क्लास घ्यायचा. गेल्या वर्षी सहा डिसेंबरला दुपारची एसटी धरून तो अकोटकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये गेला. काम साधंच होतं. जिनिंगच्या फाटकावर कॅमेरा आहे, त्यातला एका रात्रीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन यायचा.

झालं होतं असं, की दिवाळीनंतर त्याचा थोरला भाऊ धर्मपाल रात्री अकोटहून मोटरसायकलने घरी येत होता. समोरून आलेल्या एका पिकअप गाडीने त्याला उडवलं आणि ती न थांबता अकोटच्या दिशेने निघून गेली. धर्मपाल रस्त्याच्या कडेला ओल्या काळ्या मातीत पडून राहिला. सकाळी दूधवाल्याला दिसला, तोवर सगळं संपलेलं होतं. तुटलेल्या लाइटच्या काचांवरून पिकअप आणि टायरांच्या खुणांवरून तिची दिशा तेवढी कळली; गाडी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. हवालदार म्हणाले, नंबर दिसेल असा एक तरी फोटो आणा, म्हणजे पुढचं करता येईल.

सुगत हो म्हणाला. पण नंबर मिळाला असता तर तो ठाण्यात जाणारच नव्हता. तीन मित्र तयार होते. पेट्रोलचा कॅन भरून पलंगाखाली ठेवला होता. गाडी शोधायची, ड्रायव्हर शोधायचा, आणि त्याच रात्री हिशेब चुकता करायचा. त्याची रात्रीची झोप गेली होती, पोरांना शिकवताना शब्द तोंडातच राहायचे. डोक्यात एकच गोष्ट. नंबर.

जिनिंगचे मॅनेजर खुशालराव भला माणूस. व्हिडिओ दिला, वर चहाही पाजला. म्हणाले, आम्ही खूप वेळा पाहिला, गाडी दिसते पण नंबर लागत नाही. सुगत मनातल्या मनात चिडला. यांना संगणकातलं काय कळतं, असं म्हणत संध्याकाळच्या गाडीने परत आला.

विहारात वंदना होती. त्याची वहिनी संध्या लेकीला घेऊन गेली. हा गेला नाही. परत आल्यावर तिने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि दाराशी उभी राहिली.

"नंबर भेटला त काय करसान, भाऊ?"

तो म्हणाला, ठाण्यात देईन.

"तुमच्या दादाले खोटं बोलता येत नव्हतं. तुमालेबी येत नाही," म्हणाली आणि आत निघून गेली.

सुगत संगणकासमोर बसला. व्हिडिओ सुरू केला. रिकामा रस्ता, फाटकावरचा दिवा, आणि मग उजवीकडून पांढरी पिकअप येते, दिव्याखालून जाते, गेली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. त्या तेवढ्यात नंबर वाचता येईल असं वाटायचं, पहिली अक्षरं जिभेवर यायची. आणि थांबवलं की नुसता पांढरा फराटा.

त्याने स्क्रीनचा फोटो घ्यायचं बटन दाबलं. फोटो उघडून पाहिला, तर व्हिडिओच्या जागी काळा चौकोन. काही प्लेयरमध्ये असं का होतं हे तो क्लासमधल्या पोरांना शिकवायचा, आणि आज स्वतःच त्यात अडकला. मग दुसऱ्या प्लेयरमध्ये लावला. त्यात एकेक चित्र पुढे सरकवता येतं आणि आवडलं ते तिथल्या तिथे जपून ठेवता येतं. एक घेतलं, धूसर. दुसरं घेतलं, हललेलं. मोठं करून पाहावं तर सगळे ठिपके ठिपके. उजेड वाढवला, कमी केला. आठाचा तीन दिसे, तीनाचा सहा. ताटातलं जेवण गार झालं. बाहेर गल्ली झोपली. त्याने माऊस टेबलावर आपटला, परत उचलला, परत पहिल्यापासून सुरू केलं.

बारा वाजून गेल्यावर एक चित्र आलं. गाडी अगदी स्पष्ट. बंपरवरची माळसुद्धा दिसत होती. फक्त नंबरच्या जागी काळपट डाग.

कॅमेऱ्यावर किडा बसला असेल, त्याला वाटलं. व्हिडिओ चालवून पाहिला. डाग नाही. थांबवलं. डाग आहे.

एक चित्र मागे गेला. तिथेही होता. दोन पुढे. तिथेही. गाडी जिकडे सरके तिकडे तो सरके, आणि दरवेळी बरोबर नंबरच्या पाटीवर. सुगतच्या तोंडून शिवी निघाली. फाइल बिघडली म्हणून त्याने पेनड्राइव्हवरून पुन्हा नवीन उतरवून घेतली.

तरी होता. आता मात्र तो डाग राहिला नव्हता.

माणूस होता. पाठमोरा. रस्त्यात उभा, गाडी आणि कॅमेरा यांच्या मधोमध.

चालत्या व्हिडिओत कुणी नाही. थांबलेल्या चित्रात आहे.

सुगतला अजून भीती वाटली नव्हती, काका म्हणाले. राग आला होता. एवढं हाताशी आलेलं, आणि हा कोण मूर्ख मध्ये उभा? त्याने चित्र मोठं केलं. आकाशी शर्ट. मानेवर कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. वहिनी रोज सकाळी ती बाहेर काढून द्यायची, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा आत गेलेली असायची.

त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

गाडी फाटकापाशी आली तेव्हा धर्मपाल मागे, दूर, रस्त्याच्या कडेला पडलेला होता. तो तिथे असूच शकत नव्हता...

सुगत बोलला. हळू.

"दादा. बाजूले हो."

पुढचं चित्र घेतलं. तो तिथेच. मान किंचित वळलेली.

"मले नंबर पाहू दे. एवढा एक नंबर पाहू दे. कोन होता तो?"

पुढचं चित्र. आता कानशील दिसत होतं. गालाची कड.

"तुले मारलं त्यानं. मरत टाकून गेला. आन तू त्यालेच झाकून राहिला? काहून, दादा?"

त्याचा आवाज फाटला. आत वहिनीची कूस बदलल्याची चाहूल लागली. मग तीही थांबली.

त्याने बटन दाबलं.

तोंड समोर होतं. धर्मपालचंच. रागावलेलं नाही. दुखावलेलंही नाही. लहान पोर रस्त्यावर धावत निघावं, तेव्हा मोठ्या माणसाचा चेहरा होतो, तसा. एक हात वर. पंजा उघडा. पण गाडीकडे नाही...

इकडे. सुगतकडे.

सुगतने व्हिडिओ सोडून दिला, चालू होऊ दे म्हणून. गाडी पुढे गेली. दिव्याखालून बाहेर. रस्ता रिकामा झाला.

तो नाही गेला.

व्हिडिओ चालूच होता. तो उभा होता. हात वर.

लाइट गेली.

अंधार. संगणकाचा पंखाही नाही, आवाजही नाही. सुगत खुर्चीतून उठायला गेला...

उठता आलं नाही. छातीवर काहीतरी टेकलं होतं. जोरात नाही. नुसतं टेकलेलं. त्याला मागे बसवत होतं.

तो बसला.

किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही.

सकाळी लाइट आली, तेव्हा त्याने रात्री घेतलेली सगळी चित्रं एकेक करून उघडली. रस्ता, पिकअप, धूसर नंबर. माणूस कुठल्याच चित्रात नव्हता. खुशालरावांनी पाहिलं होतं तेवढंच. वहिनी चहा घेऊन आली आणि त्याने तिला सगळं सांगितलं, पलंगाखालच्या कॅनसकट. तिने कॅन उचलून स्वतः बाहेर नेला. पेनड्राइव्ह दुपारी ठाण्यात दिला गेला. तिथेही नंबर लागला नाही. तो ड्रायव्हर आजही कुठेतरी गाडी चालवतो आहे.

एका पोराने विचारलं, मग सुगतभाऊचं मन निवलं का? काकांनी मान हलवली. नाही निवलं. अजून चिडतो, ड्रायव्हरवर कमी अन् दादावर जास्त. माझं मलेच ठरवू द्यायचं होतं, म्हणतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

मग काकांनी मफलर सोडून पुन्हा घट्ट गुंडाळला. लाइट अजून आली नव्हती.

त्या सकाळी, ते म्हणाले, सुगत आंघोळीला गेला. थंडी होती, रात्रभर अंगात स्वेटर होता. स्वेटर काढला. स्वच्छ. त्याखालचा शर्ट काढला. तोही स्वच्छ. आणि आतल्या बनियनवर, छातीच्या मधोमध, ओल्या काळ्या मातीचा पंजा उमटलेला होता. पाचही बोटं. संध्याने ती बनियन किती वेळा धुतली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे...

तो पंजा अजून तसाच आहे.