आबांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर

अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, त्यातल्या काचेच्या नळ्या छान तांबूस उजळल्या होत्या, पण आवाज मात्र घसा बसलेल्या कावळ्याचा. मैथिली माइकवर "हॅलो" म्हणाली, तर कर्ण्यातून नुसती खरखर आली, तीही शेजारच्या खोलीत पोचणार नाही इतकी बारीक. असं का व्हावं?

एरवी हे कोडं सावकाश सोडवता आलं असतं. त्या दिवशी सवड नव्हती. चंद्रावरच्या चांदवस्तीवर सूर्याकडून कणांचं वादळ आलं होतं. पहिल्याच झोतात बाहेरचे फोन बसले, गाड्या बसल्या. उघड्यावरचं, चिपवर चालणारं सगळं गपगार झालं. मोठा झोत काही तासांत येणार होता, आणि मैथिलीची आई लांबच्या मळ्यात, पातळ छताखाली मेथी खुडत होती. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत. तिला बिचारीला कसला पत्ता असणार? मळ्याखालच्या तळघरात उतरली की ती सुरक्षित, पण तिला सांगणार कोण? चालत जायचं तर तेच वादळ वाटेत उघड्यावर गाठणार.

मळ्यापर्यंत एकच गोष्ट धड पोचत होती: एक तार आणि तिच्या टोकाला दुसरा कर्णा, गरज पडली तरच जोडायचा. तो वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर (बारीक आवाज दणदणीत करणारं यंत्र) जुन्या पद्धतीचा, नळ्यांचा होता. नळ्या अशा वादळाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून तर मैथिलीच्या आबांनी तो पृथ्वीवरून हौसेनं आणला होता.

"नळ्या गेल्या असतील," आबा म्हणाले. नळ्या बदलल्या. तीच खरखर. इथला कर्णा बदलला. तरी तीच.

"मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर," मैथिली म्हणाली.

आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तो मी स्वतः गुंडाळलाय. माझ्या हातचा ट्रान्सफॉर्मर बिघडत नसतो."

जाड छताखाली असल्यानं वादळातून वाचलेल्या ठोकळ्या नावाच्या यंत्रमानवानं त्यांचीच री ओढली. त्यानं मीटर लावून प्रतिरोध (विजेच्या वाटेतला अडथळा) मोजला. "हवा तेवढाच आहे. ट्रान्सफॉर्मर निर्दोष."

मैथिली हटली नाही. "आबा, तो करतो काय, ते तरी सांगा."

शिकवायला सांगितलं की आबांचा राग निम्मा उतरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "नळीतून येणाऱ्या विजेला दाब मोठा, पण प्रवाह बारीक. कर्ण्याला हवं ते उलटं. म्हणून लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या करायच्या, एकीत हजारो वेढे, दुसरीत थोडेच. पहिलीतली वीज कमीजास्त झाली की गाभ्यातलं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि ते दुसरीत वीज उपजवतं. सायकलचा गिअर बदलतो ना आपण, तसंच."

"आणि शेजारचे दोन वेढे एकमेकांना टेकले तर?"

"तारेवर लेप असतो, म्हणून टेकत नाहीत. तो जळला तर मात्र तिथे बंद कडं तयार होतं. कर्ण्याकडे जायची वीज त्या कड्यातच गरगरते आणि उष्णता होऊन वाया जाते."

"हजारो वेढ्यांत एखादा कमी झाला, तर मीटरला कळेल?"

"नाही कळणार," ठोकळ्यानं कबूल केलं.

आबा उठले आणि खणातून साधा टेस्टर काढून आणला. "यातला दिवा पेटायला बराच दाब लागतो, छोट्या बॅटरीनं तो पेटत नाही. पण टेस्टर गुंडाळीला जोडून तिलाच बॅटरी लावली आणि चटकन काढली की गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि जाताजाता मोठा दणका देतं. बंद कडं असेल तर तो दणका तिथेच जिरतो."

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, त्यात साठलेली वीज उतरवून आबांनी ट्रान्सफॉर्मर सोडवला. (आणि मुलांनो, हे काम जाणत्या मोठ्या माणसाचंच. आपण शेजारी उभं राहून बघायचं.) आधी या कामाला न चालणाऱ्या, पण धड असलेल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरवर करून पाहिलं. बॅटरी काढताच दिवा लखकन चमकला. मग आबांच्या हातचा लावला. दिवा मेलेलाच. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

आबांचा चेहरा पडला. "पण लेप जळला कशानं?"

चांदवस्तीत एक रीत होती. रात्रपाळीचा शेजारी झोपलेला असला की गाणी चाललेली असताना कर्ण्याची तार काढून ठेवायची, अ‍ॅम्प्लिफायर तसाच चालू. नळ्या पुन्हा तापायला वेळ लागतो ना! काल आबांनीच तार काढली होती.

"कर्णाच नाही, तर ती वीज जाणार कुठे?" मैथिली हळूच म्हणाली.

"कुठेच नाही," आबा म्हणाले. "दाब वाढत जातो आणि लेप फोडून उडी मारतो. शेजारधर्म पाळायला गेलो आणि घात करून बसलो."

"आणि वर नळ्यांवर आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी," मैथिली म्हणाली.

नशीब, जळलेली जागा वरच्याच थरात निघाली. मैथिली तार उलगडत गेली, ठोकळ्या वेढे मोजत गेला. काळा पडलेला भाग कापून आबांनी नवी तार जोडली. पण पुन्हा गुंडाळायच्या वेळी त्यांनी गुंडाळी मैथिलीपुढे सरकवली. "तूच कर," ते म्हणाले. तिला आईची भयंकर काळजी वाटत होती, तरी तिनं घाई केली नाही. थर, कागद, पुन्हा थर. बोटांना तार कापत होती, तशीच गुंडाळत राहिली.

बॅटरी लावली, काढली. दिवा चमकला. ट्रान्सफॉर्मर जागेवर बसवून आबांनी मळ्याची तार जोडली आणि मैथिलीनं माइक हातात घेतला.

"आई, वादळ येतंय. मेथी राहू दे, तळघरात उतर. उतरलीस की पाण्याच्या पाइपावर ठोक." आवाज असा घुमला की ठोकळ्यासुद्धा दचकला. मैथिलीनं मळ्याकडून येणाऱ्या पाइपाला कान लावला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग लांबून, बारीक, पण स्पष्ट: ठक, ठक, ठक. ती तिथेच बसून रडली.

वादळ सरल्यावर आई मेथीची जुडी घेऊन आली, तेव्हा आबा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक जाड प्रतिरोधक (जादा वीज उष्णतेत जिरवणारा तुकडा) बसवत होते, कर्णा काढला तरी विजेला वाट राहावी म्हणून.

"तुमचा ट्रान्सफॉर्मर बिघडला होता म्हणे?" आईनं विचारलं.

"माझा होता तो," आबा म्हणाले. "आता मैथिलीच्या हातचा आहे. बिघडणार नाही असं काही मी म्हणत नाही. टेस्टर तिच्या खणात ठेवलाय."