थिजलेला सूर

हाक आली तेव्हा आबा घरात नव्हते.

पूर्वाला ते ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ते आत्ताच दिसले होते, धुक्यात कमरेपर्यंत बुडालेले, पठाराच्या कडेकडे चाललेले. तरी आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. एकच सूर, लांब, सपाट. ऊऽऽऽऽ. श्वास घ्यायलासुद्धा न थांबणारा.

दुधाचा पेला हातात धरून ती उंबऱ्यातच थबकली. बाहेर पवनचक्क्यांची पाती घुमत होती. त्यांची घुमघुम तिच्या ओळखीची होती. चाळकेवाडीच्या पठारावर राहायचं म्हणजे त्या घुमघुमीतच झोपायचं आणि उठायचं. हा सूर वेगळा होता. हा आबांचा होता.

आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, आनंदराव शेडगे, धुक्यातून पिण्याचं पाणी कसं गोळा करावं याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. पूर्वा जन्मायच्या आधीच घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. तेव्हापासून ते गळ्याला एक छोटं नळकांडं टेकवून बोलत. त्याचं नाव कंठकंपक (घशाची कातडी थरथरवून सूर पुरवणारं साधन). सूर यंत्राचा, शब्द आबांचे. पण तो सूर चढत नसे की उतरत नसे. खालच्या शाळेतली पोरं विचारायची, तुझा आजा रेडिओ गिळून बसलाय का? पूर्वा त्यांच्याशी भांडायची, पण मनातून तिलाही वाटायचं, या सपाट सुराच्या मागचा खरा आवाज कसा असेल?

ती खोलीत गेली. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर जुना संगणक तेवढा चालू होता आणि त्याच्या पडद्यावर एका झोपडीचं दार अर्धं उघडलेलं होतं. दारावर एक हात. हातात दिवा. दिव्याची ज्योत वाऱ्यानं कलली होती ती कललेलीच राहिली होती. काहीच हलत नव्हतं आणि सूर मात्र वाहत होता. तिनं कळा दाबून पाहिल्या. मग बटण दाबून धरलं. सूर तुटला. त्यानंतरची शांतता त्या सुराहून वाईट होती.

तो संगणक बाजारातून आयता आणलेला नव्हता. आई कॉलेजात असताना फलटणच्या घरी तिनं आणि आबांनी एकेक भाग निवडून, स्क्रू पिळून तो जोडला होता, खेळ खेळण्यासाठी. खेळता खेळता दोघांनी स्वतःचाच एक खेळ रचला. धुक्यात हरवलेल्या झोपडीतून निघायचं, दार ढकलायचं आणि जात्यावरच्या ओव्या ऐकत, आवाजाच्या मागोमाग घर शोधायचं. ओव्या आबांनी म्हटल्या होत्या. लहानपणी दळणाऱ्या आईच्या मांडीला टेकून त्यांनी त्या कानात साठवल्या होत्या. पुरुषासारखा पुरुष ओव्या म्हणतो म्हणून गल्ली हसायची आणि आबा आणखी मोठ्यानं म्हणायचे. मग आजार आला, आवाज गेला आणि संगणक ट्रंकेत गेला. यंदा आईनं तो पठारावर आणला.

आताच्या पाटीसारख्या पातळ यंत्रांना तो खेळ कळत नव्हता. आईनं त्याची नक्कल करून पाहिली होती, पण नव्या यंत्रात तो उघडेचना. ओव्या खेळाच्या पोटात गुंफलेल्या होत्या, वेगळ्या काढता येत नव्हत्या. आबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण सारखं हँग होत होतं. कधी सुरू होताच, कधी झोपडीत फिरताना, कधी एकदम काळोख करून आपोआप पुन्हा सुरू होई. सगळ्यात जास्त वेळा दारात. दारापलीकडे पूर्वा एकदाही पोचली नव्हती.

आबा आल्यावर तिनं सगळं सांगितलं, आणि हलक्या आवाजात हेही सांगितलं की तिला वाटतं, खेळात चकवा आहे. धुक्यात ओळखीच्या आवाजात हाक मारतो तो. त्याला ती दाराबाहेर यायला नको आहे.

आबा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत. मग नळकांडं गळ्याला लावून म्हणाले, "चकव्याला कारण लागत नाही. यंत्राला लागतं."

त्यांनी समजावलं ते असं. संगणक गाणं एका दमात वाजवत नाही. तो गाण्याचे बारीक तुकडे करतो आणि एक तुकडा वाजत असतानाच पुढचा तयार ठेवतो. तो अडकला, की नवा तुकडा येत नाही. मग हातातलाच इवलासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि आपल्या कानाला तो एकच लांब सूर वाटतो. खेळातला वारा असा, की दारापाशी कुणी बराच वेळ थांबलं तर तो आपणच दार लोटतो. पूर्वा दूध आणायला गेली, वाऱ्यानं दार लोटलं आणि ओवी सुरू होतानाच संगणक थिजला.

"म्हणजे तो सूर," पूर्वा म्हणाली आणि थांबली.

"माझाच. पहिल्या अक्षराचा."

आबांचा खरा आवाज तिनं ऐकला होता, डोळ्याचं पातं लवण्याइतका, आणि त्याला ती घाबरली होती.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. आबांचा नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कसं कळणार? आधी धूळ काढली. आतल्या पंख्यांच्या पात्यांवर फलटणची माती अजून बसून होती. संगणक अडकलाच. मग मेमरीच्या दोन पट्ट्या (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारे भाग) आळीपाळीनं काढून पाहिल्या. एकेकटीवरही अडकला, म्हणजे दोघी निर्दोष. मग मुख्य चिपवरचा वाळलेला मलम पुसून नवा लावला. चिपची उष्णता वर बसवलेल्या धातूकडे नेणारा मलम तो. तरी अडकलाच.

"तापतोय," आबांनी निकाल दिला. जुनी यंत्रं तापूनच अडकतात हे त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांनी संगणकाच्या पेटीची काचेची बाजू काढून ठेवली आणि संगणक खिडकीशी नेला. खिडकीतून धुक्याचा वारा थेट त्याच्या पोटात शिरू लागला.

त्या आठवड्यात संगणक पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागला. एका सकाळी तर बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. आई नुकतीच पवनचक्क्यांची पाती तपासणाऱ्या रोबोंना कामाला लावून घरी आली होती. ती दारातूनच म्हणाली, "आबा, राहू दे आता. यातले भाग मिळत नाहीत कुठं. एक दिवस उठणारच नाही तो." आबांचं नळकांडं खिशातच राहिलं.

पूर्वा काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. पडद्यात तिचाच चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागे खिडकीभर धुकं. बऱ्याच वेळानं, कुणी हात न लावता, पडदा उजळला.

दुपारी भुरी आली. भुरी म्हणजे पठारावरची राखाडी मांजर, जिला ऊब कुठं आहे हे न सांगता कळतं. ती उडी मारून संगणकाच्या माथ्यावर, मागच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून झोपली. पूर्वा खेळत राहिली. झोपडीत फिरली, दिवा लावला, कोनाडे पाहिले. दुपार उतरू लागली तरी संगणक अडकला नाही. तेवढ्यात आबांनी येऊन भुरीला हुसकावलं, वारा अडवते म्हणून. पूर्वानं थोड्या वेळानं दार ढकललं. ऊऽऽऽऽ.

पूर्वानं सूर बंद केला आणि आबांकडे वळली.

"आबा, तो तापत नाहीये. त्याला थंडी वाजतेय."

आबांच्या भुवया वर गेल्या. ते हसतील असं तिला वाटलं, पण ते खुर्चीत बसले आणि तिला एकेक प्रश्न विचारू लागले. फलटणला तो कधी अडकायचा? आईनं आठवून सांगितलं, तिथं कधीच नाही. फलटणला ऊन कसं? भाजणारं. इथं सगळ्यात वाईट कधी? सकाळी आणि खिडकीशी. प्रत्येक उत्तरासरशी आबांचा चेहरा उजळत गेला, जणू पोरीनं त्यांना हरवावं याचीच ते वाट पाहत होते.

आता भागांपैकी थंडी नेमकी कुणाला वाजते ते शोधायचं होतं. आबांनी आईचा केस वाळवण्याचा ड्रायर आणला आणि लांबूनच कोमट वारा आधी मेमरीवर धरला. संगणक अडकला. मग सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, मदरबोर्डवर, धरला. अडकला. मग माथ्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर, जिथं भुरी झोपायची. तो डबा म्हणजे पॉवर सप्लाय (घरातली वीज संगणकाला मानवेल अशी करून देणारा भाग). या वेळी संगणक चालत राहिला.

"हा डबा तू कधी उघडायचा नाही," आबा म्हणाले. "वायर काढली तरी आत वीज दबा धरून असते." त्यांनी डबा बाहेर काढला, बराच वेळ ठेवून दिला, आतला साठा आपल्या अवजारांनी रिता केला आणि मगच पूर्वाला जवळ बोलावलं. आत बोटाच्या पेरांएवढी नळकांडी ओळीनं उभी होती. काहींचे माथे सपाट होते, काहींचे तव्यावरच्या फुलक्यासारखे फुगलेले.

आबा तिला घेऊन कड्यावर गेले. तिथं त्यांच्या जाळ्या उभ्या होत्या, उंच, बारीक विणीच्या. धुकं त्यांना अडकून थेंब व्हायचं आणि थेंब खालच्या रांजणात पडायचे. वारा आला की धो धो, ओसरला की टिपटिप. पण रांजणाच्या बुडाशी लावलेल्या तोटीतून पाणी मात्र एकसारखं येत होतं.

"घरातली वीजही हेलकावे घेत येते," आबा सांगू लागले. आज ते कंठकंपक बाजूला ठेवतच नव्हते. ती फुगलेली नळकांडी म्हणजे धारित्रं, ज्यांना कपॅसिटर म्हणतात (विजेचा थोडा साठा धरून ठेवणारे भाग). विजेचे रांजणच ते. हेलकावे ते पोटात घेतात आणि पुढं एकसारखी धार देतात. त्यांच्या आत ओलसर द्रव असतो. वर्षांनुवर्षांत तो सुकत जातो, जसा रांजणात गाळ भरावा. मग साठा कमी मावतो. आणि थंडीत, खोबरेल तेल बाटलीत कसं घट्ट होतं? अगदी तसंच नाही, पण त्या द्रवातूनही विजेची ये-जा जड होते, जणू तोटीचं तोंड आवळावं.

"पण दारातच का?" पूर्वानं विचारलं.

आबांनी तोटी पूर्ण उघडली. धार जोरात सुटली आणि मग क्षणभर बारीक झाली. झोपडीत अंधार असतो, तिथं चित्र काढायला थोडी वीज पुरते. दार उघडलं की सगळी दरी, झाडं, धुकं एकदम रंगवायचं असतं. त्या झटक्यात रांजण रिता पडतो. संगणक सगळं काही एक आणि शून्यात मोजतो. विजेचा दाब पुरेसा असला तर एक, नसला तर शून्य. दाब क्षणभर ढळला की एकाच्या जागी शून्य वाचलं जातं आणि पुढचं सगळं भान हरपतं.

पूर्वा विचार करत होती. नुसती थंडी असली तर तो बहुधा तग धरायचा. ऊब असताना झटका आला तर सोसायचा. दोन्ही एकत्र भेटली की थिजायचा. ती कधी भेटतील हे कुणाला दिसत नव्हतं, म्हणून तो चकवा वाटत होता.

आबांनी हवामानाच्या उपकरणांसाठी ठेवलेल्या सामानातून नवी धारित्रं काढली, मापं जुळवली आणि जुन्यांच्या जागी वितळलेल्या धातूचा डाख देऊन बसवली. डबा मिटला. पण बटणाजवळ आल्यावर ते मागे सरले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

"आबा, तुम्हाला नकोय का ऐकायला?"

सपाट सूर आला. "ज्याचा आवाज होता तो माणूस मला आठवतो, पूर्वे. भेटायची भीती वाटते."

पूर्वानं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकी उघडीच ठेवली होती आणि खोली गारठली होती, मुद्दामच. पूर्वानं बटण दाबून खेळ सुरू केला. झोपडीतला दिवा लागला. हात दारावर गेला.

दार उघडलं. दरीभर धुकं पसरलं आणि त्या धुक्यातून, जात्याच्या घरघरीवर, एक आवाज चढत आला. किंचित खरखरीत, कडेला हसू असलेला.

धुक्यानं गिळलं रान, दिसंना मला वाट
जात्याच्या घरघरीत गवसं उंबऱ्याचा काठ

पूर्वानं वळून पाहिलं. आबांचं नळकांडं मांडीवर पडलं होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. ओठ इथं, आवाज तिथं, आणि दोघांत एका शब्दाचंही अंतर नव्हतं. तिला भीती वाटली आणि वाटलीही नाही.

दिस उगवला बाई, माझं सरलं दळण
उरल्या पिठामंदी तुझं नाव गिरवीन

आईनं डोळे पुसले आणि आपल्या पातळ यंत्रावर हे सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. मग म्हणाली, आता अशी कंठयंत्रं निघाली आहेत, जी जुना आवाज ऐकून शिकतात. चढउतार, खरखर, हसू, सगळं. एवढ्या ओव्या असल्या तर पुरतील. वेळ लागेल, पण होईल.

भुरी येऊन संगणकाच्या माथ्यावर बसली. आता तिची गरज नव्हती, पण तिला कुणी उठवलं नाही. बाहेर पवनचक्क्या घुमत होत्या आणि जाळ्यांवर धुक्याचं पाणी होत होतं.

आबांनी नळकांडं उचलून गळ्याला टेकवलं.

"नव्या आवाजात हाक मारली," त्यांनी सपाट सुरात विचारलं, "तर ओळखशील ना?"

"ओळखेन," पूर्वा म्हणाली. "आता ऐकलाय मी."