माथ्यावरून बोलतोय

पोरांनो, बॅटऱ्या नंतर भरा, आधी बसा. उद्या रेडिओ घेऊन त्या डोंगरावर निघालात आणि मला वाट विचारलीत, म्हणून सांगतो. नाहीतर हे तोंडातून काढायची मला लाज वाटते.

आमच्या रेडिओवाल्यांत एक घड्याळजी होता. तेव्हाही नियम हाच. माथा गाठायचा, काठीवर तार ताणायची, रेडिओवरून चौघांशी बोलायचं, की डोंगर तुमच्या नावावर. बोलणं दोघांनीही आपापल्या वहीत लिहायचं, वेळेसकट. तपासायला कोणी येत नाही, म्हणूनच खोटं लिहायचं नाही.

तर घड्याळजी त्या डोंगरावर गेला. वाट नाहीच, वर छातीएवढी काटेरी झुडपं. पाऊण चढला, शर्ट फाटला, दम संपला. एका खडकावर बसला आणि तिथूनच म्हणाला, "माथ्यावरून बोलतोय!"

तिसरा मी बोललो. आवाज दबका येत होता, माथ्यावरून तसा येत नाही. मला कळलं होतं रे. पण म्हटलं, कशाला चारचौघांत त्याचा पाणउतारा? "शाबास," म्हणालो आणि वहीत लिहिलं.

चौथा आमचा कंपाउंडर. गोळ्या समजावून देता देता सगळंच दोनदा बोलायची सवय जडलेली. लग्नालाही दोनदा हो म्हणालास का, म्हणून आम्ही चिडवायचो. त्यानं विचारलं, "वाट कुठून, वाट कुठून?"

घड्याळजी अडकला. "डावीकडून ये. मोकळी आहे."

हे मी ऐकत होतो. बोलायचं बटण माझ्या हातात होतं. दाबलं नाही.

पुढच्या रविवारी कंपाउंडर डावीकडून गेला. तिथे झुडपांच्या मागे सरळ कडा आहे. तिसऱ्या दिवशी सापडला.

त्याच्या घरी वहिनींनी घड्याळजीला विचारलं, "भावजी, वाट नीट होती ना?"

"होती, वहिनी."

मी शेजारीच उभा होतो. जमिनीकडे बघत.

वर्ष गेलं. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी घड्याळजी कोयता घेऊन एकटाच निघाला, या वेळी उजवीकडून. एकदा खरंच माथा गाठला, तर मनावरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं. झुडपं तोडता तोडता अंधार पडला. सात चाळीसला त्यानं वर तार ताणली आणि रेडिओ लावला.

"माथ्यावरून बोलतोय. कोणी आहे का?"

नुसती खरखर.

पुन्हा हाक दिली. खरखर थांबली. अगदी स्वच्छ आवाज आला.

"ऐकतोय, ऐकतोय."

घड्याळजीनं माइक तोंडापासून लांब धरला.

"कुठून बोलतोयस, कुठून बोलतोयस?"

"मा... माथ्यावरून."

"...गेल्या वेळी कुठून, गेल्या वेळी कुठून?"

त्यानं रेडिओ बंद केला. दिवा विझला. बॅटरीची वायरच उपटली.

आवाज थांबला नाही.

डावीकडून येत होता. झुडपांतून. जवळून.

"गेल्या वेळी..."

"खडकावरून!" घड्याळजी ओरडला. "मी वर आलोच नव्हतो रे... डावीकडची वाट मी बघितलीही नव्हती..."

मग काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

उजाडता उजाडता तो माझ्या दारात उभा. अंगभर ओरखडे. वही उघडून पुढे धरली. गेल्या वर्षीच्या त्या पानावरच्या चारही ओळी खोडलेल्या. एक रेघ पुरली असती. प्रत्येक ओळीवर दोन होत्या.

"मी नाही मारल्या," म्हणाला.

आम्ही तसेच वहिनींकडे गेलो. तो आत गेला, सगळं बोलला. मला वहिनींचं रडणं फाटकापर्यंत ऐकू आलं. मलाही सांगायचं होतं, की मला ठाऊक होतं. पण मी फाटकातच उभा राहिलो आणि तिथूनच परत फिरलो.

घरी येऊन माझी वही काढली. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याच खिशात. उद्या उजवीकडून जा, पोरांनो, आणि वर पोचलात तरच पोचलो म्हणा. ही ती वही. दिवा जवळ घ्या. त्या दिवसाची माझी ओळ बघा.

दोन रेघा.