तीन नंबरची फळी

चांदमारीवरच्या माझ्या पहिल्याच दिवशी मी पिठाच्या खळीचं अख्खं मडकं एका शिपायाच्या बुटांवर फोडलं. चूक माझी नव्हती, आधीच सांगून ठेवते. तोच आडवा आला. रांगेत सगळ्यांचा डावा पाय पुढे, याचा उजवा... मग धक्का लागणार नाही तर काय?

“आता हे पुसू का जेवू?” तो बुटांकडे बघत म्हणाला.

“चाटून खा,” मी म्हटलं.

तो हसला, आणि हवालदाराने त्याला तिथंच बाहेर ओढलं. बूट घाण, वर रांगेत हसणं. बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून माळाला दहा फेऱ्या. फाल्गुनाचं ऊन होतं. सातव्या फेरीला तो गुडघ्यांवर आला, उठला, परत पळाला. मी खापरं वेचत होते. मेला आडवा आलाच कशाला, असं मनात शंभरदा म्हटलं. पण त्या दिवशी भाकरी काही घशाखाली उतरली नाही.

साल त्रेचाळीस. लढाई तिकडे ब्रह्मदेशात, पण चुली आमच्या विझत होत्या. बापाला दम्याने खाटेला खिळवलेलं. म्हणून शेजारच्या रंभामावशीचा पदर धरून मी सापगावाहून या कामाला आले. चांदमारी म्हणजे नेमबाजी शिकवायचा माळ. त्याच्या टोकाला मातीचा उंच बांध, बांधाच्या अलीकडे खोल खंदक. खंदकात आम्ही बायका, आणि आमच्या डोक्यावर कागद चिकटवलेल्या लाकडी फळ्या. नवे शिपाई लांबून गोळ्या झाडायचे. गोळी लागली तर आम्ही काठीवरची पांढरी थाळी वर करायची, चुकली तर लाल बावटा. मग फळी खाली ओढून भोकावर खळीने कागदाचा तुकडा डकवायचा.

डोक्यावरून गोळी जाते ती वेताच्या छडीसारखी सपकन वाजते. मी कान दाबून खालीच बसले. मावशी म्हणाली, ऐकू येते ती आपली नसते गो, ऊठ.

माझी तीन नंबरची फळी. आणि नशीब बघा, तो बुटवालाही त्याच फळीवर. नामा त्याचं नाव, मुरबाडच्या अंगाचा, धसईचा. त्याने पाच गोळ्या मारल्या, पाचही मागच्या मातीत. मी पाच वेळा लाल बावटा हलवला. चुकल्या तितक्या फेऱ्या, हा तिथला कायदा. तो परत पळत सुटला.

दुपारी पाण्याच्या पिंपाशी त्याने मला गाठलं. “माझ्या नावानं लाल फडकं नाचवते ती तूच का गो?”

“नीट मार. मग नाय नाचवणार.”

“नेम धरायला एक डोळा मिटतो... तर मिटल्या डोळ्यात तूच दिसते. कसं मारू?”

असं कोणी बोलतं का पहिल्या भेटीत? मी तोंड फिरवलं. पण त्याच्या तळहातांना फोड आले होते, ते मात्र बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही त्याच्या गोळ्या मातीतच जात होत्या. आणि मी... काय सांगू, माझा हात बावट्याकडे जाईचना. फळी खाली ओढली. खळीच्या काडीचं टोक कागदात खुपसलं, करंगळीएवढं भोक पाडलं आणि पांढरी थाळी वर केली. मावशीने पाहिलं. हे बरं नाय, एवढंच बोलली आणि खळ ढवळत राहिली.

मग रोजचंच झालं. पाचात तीन, कधी चार. फेऱ्या थांबल्या. हवालदार त्याची पाठ थोपटू लागला, आणि हा बेटा छाती काढून पिंपाशी यायचा. म्हणायचा, तुला बघितल्यापासून नेम लागाया लागला. मी ओठ चावून हसू दाबायची. खरं सांगायला हवं होतं. पण तो इतका खुलायचा... मला त्याचं ते खुलणं सोडवेना. पळस फुलले होते, एकदा त्याने फूल आणून माझ्या मडक्याच्या काठावर ठेवलं. मी रागावल्यासारखं केलं आणि घरी नेलं. जीव जडला होता माझा, उगाच कशाला लपवू?

शेवटी त्यांची नेमबाजीची परीक्षा ठरली. तिच्या आदल्या दिवशी तो हळूच म्हणाला, “परवा सांजच्याला तुझ्या घरी येतो. बापाशी बोलाया.”

“सुट्टी कोण देणार तुला?”

“उद्या बघ तू,” म्हणाला आणि डोळे मिचकावून गेला.

मला वाटलं, पहिला येईल त्याला सुट्टी मिळत असणार. दुसरं काय वाटणार? दुसऱ्या दिवशी मोठा साहेब आला. नामाने दहा गोळ्या झाडल्या, दहाही मातीत. माझा जीव खालीवर. मी दहा वेळा काडी खुपसली, दहा वेळा थाळी वर केली. आता नवरदेव होऊन येतो की नाही बघू, असं मनाशी म्हणत होते.

पिंपाशी आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“नापास होईल त्याचं नाव कापून घरी धाडतात, राही. मी फळी सोडून मारत होतो... मुद्दाम. लागल्या कशा?”

मी सगळं सांगितलं. काडी, भोकं, पहिल्यापासून सगळं. मी हवालदाराकडे धावले, खरं काय ते ओकले. तो म्हणाला, साहेबाची सही झाली. पुन्हा तोंड उघडलंस तर तू तुरुंगात जाशील आणि त्याला कामचुकार म्हणून फटके बसतील.

तिसऱ्या दिवशी पास झालेल्यांना लढाईवर न्यायला लॉऱ्या लागल्या. मी सगळ्यांदेखत त्याच्यापाशी गेले. लाजायला आता उरलं काय होतं?

“एक तरी माझी लागली होती का गो?” त्याने विचारलं. “खरं सांग.”

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण गिळलं. “एकबी नाय. म्हणून सांगते, तिकडं मर्दुमकी करू नको. मातीला चिकटून ऱ्हा. मला तू जिता पायजे.”

तो हसला. तसाच, बुटांवर खळ सांडली तेव्हासारखा. “म्हंजे बोललीस तर एकदाची,” म्हणाला, आणि लॉरी हलली.

पुढल्या वर्षी त्याच्याच पलटणीतला कोंडू परत आला, एक पाय तिकडेच ठेवून. मी त्याच्या दारात जाऊन बसले. तो सांगत नव्हता, मी उठत नव्हते. शेवटी बोलला. शत्रूला रोखायला नाल्याच्या तोंडावर रात्रंदिवस एकच नेमबाज ठेवायचा होता. साहेबाने परीक्षेचे कागद काढले, सगळ्यांचे आकडे वाचले. दहात दहा फक्त नामाचे होते, म्हणून त्यालाच बसवलं. तिथून तो परत आला नाही.

“नेम येत नाय असं बोलला नाय का तो?” मी विचारलं.

“बोलला,” कोंडू म्हणाला. “साहेब हसला. कागद दाखवला त्याला.”