रावसाहेबांची तांबडी फीत

"ही बघा, तिसऱ्यांदा!" ताईंनी तांबडी फीत टेबलावर आपटली.

ताई म्हणजे बेवारशी कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या मेळाव्याच्या प्रमुख. शाळेच्या सभागृहात बारा कुत्री, चाळीस माणसं आणि एकच नळ, अशी तारांबळ उडाली होती. त्यांच्यासमोर वहिनी बसल्या होत्या. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय. त्यांना इथे आणलं होतं त्यांच्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी. भाऊजी दर महिन्याला इथे पाण्याची भांडी भरायला येत आणि निम्मं पाणी स्वतःच्याच पायांवर घेत.

मेळाव्याचा नियम साधा होता. ज्याचं घर ठरलं, त्याच्या पट्ट्याला तांबडी फीत. मग लोक त्याच्यापाशी थांबत नाहीत. रावसाहेबांचं घर ठरलेलं नसताना कोणीतरी दर वेळी त्यांना फीत बांधत होतं.

रावसाहेब दहा वर्षांचे, एका डोळ्याचे आणि समोर दिसेल त्या बुटावर हनुवटी टेकून झोपणारे.

"तात्पुरत्या घरी तीनच महिने ठेवता येतं," ताई म्हणाल्या. "आज कोणी नेलं नाही, तर उद्या शहराबाहेरच्या निवाऱ्यात. तिथे म्हातारी कुत्री पिंजऱ्यातच राहतात हो!"

वहिनींनी फीत उजेडात धरली. "तुमच्या फिती कुठे असतात?"

"माझ्या पर्समध्ये. या घ्या."

ताईंच्या फितींच्या टोकांचे दोरे सुटले होते. रावसाहेबांच्या फितीची टोकं गुळगुळीत आणि कडक होती.

"हिची टोकं छान आहेत," भाऊजी म्हणाले.

"आधीच्या दोन्हीही अशाच होत्या," ताई म्हणाल्या. "आणि आज गाठ उजव्या कानाखाली होती. एरवी डाव्या."

पहिली पाळी प्राण्यांच्या डॉक्टरांची. "म्हाताऱ्याला नवं घर सोसणार नाही, हे मी बोललो होतो. पण गेल्या महिन्यात मी भाचीच्या लग्नात होतो. तेव्हा दुसरे डॉक्टर आले होते. आणि हे बघा, डाव्या कानाखाली खाजवून जखम केलीय त्याने. कालचीच. केसांत दिसत नाही, हात लावल्यावर कळते."

"डॉक्टरच असणार," भाऊजी कुजबुजले.

"लग्नातून येऊन फीत बांधून गेले का?"

मग रावसाहेबांना घरी सांभाळणाऱ्या मावशी. त्यांचा उजवा अंगठा महिन्याभरापासून प्लॅस्टरमध्ये होता. बिस्किटांचा डबा त्यांनी भाऊजींकडूनच उघडून घेतला.

"मला तर हा कायमचा हवाय," त्या म्हणाल्या. "पण आमची आधीची कुत्री गेली, तेव्हापासून ह्यांना घरात कुत्रा नको. ह्यांच्यासाठीच दर वेळी घेऊन येते. निवाऱ्याचं मी घरी बोलले नाही. कशाला कटकट?"

त्यांचे 'हे', टेलरकाका, दाराशी उभे होते. "मला त्या कुत्र्याचं काय? कधी एकदा जातोय असं झालंय." घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर खडू, मोजपट्टी आणि लायटर खाली पडला.

"काका, सिगारेट?" भाऊजींनी विचारलं.

"छे! वासही सोसत नाही."

रावसाहेबांची हनुवटी एव्हाना काकांच्या बुटावर होती. काकांचा पाय तसूभर हलला नाही.

वहिनींनी सगळ्यांना कोपऱ्यात बोलावलं.

"आज गाठ उजवीकडे सरकली, कारण डावीकडे जखम होती. ती काल झाली, न दिसणारी. म्हणजे फीत घरच्याच माणसाने बांधली. मावशींच्या अंगठ्याला गाठ मारणं शक्य नाही. आणि टोकं? ती भाजलेली आहेत, दोरे सुटू नयेत म्हणून. सिगारेट न ओढणारा माणूस लायटर कशाला बाळगेल? टेलर असेल तर बाळगेल. काका, आज रावसाहेबांना कोणी नेलं नाही, तर उद्या ते निवाऱ्यात जाणार. पिंजऱ्यात."

काकांचा चेहरा पडला. "निवारा? मला वाटलं, फार तर आणखी एक महिना आमच्याकडे राहील..."

"अहो, मग सांगायचं ना!" मावशी म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने? आधीची गेली तेव्हा तू आठ दिवस जेवली नाहीस. पुन्हा तुझ्यावर ती वेळ आणायची? आणि याला सोडवतही नव्हतं. दहा वर्षांचा आहे गं तो. उद्या परत रडावं लागेल."

"मग रडू की," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही दुकानात बसून एकटे रडलात आणि मी घरात. या वेळी दोघं मिळून रडू."

भाऊजींनी नाक जोरात शिंकरलं.

ताईंनी अर्ज पुढे केला आणि पर्समधून खरी फीत काढली.

"थांबा, दोरे सुटतील हिचे," काका म्हणाले. त्यांनी लायटर पेटवला, दोन्ही टोकं हलकेच भाजली आणि उजव्या कानाखाली गाठ मारली. पट्ट्याच्या आत दोन बोटं जातात की नाही, तेही पाहिलं.

रावसाहेब त्यांच्या बुटावर केव्हाच झोपले होते.