अमराईतली शेवटची मळकी गाडी

दसऱ्याच्या सकाळी वैजयंताबाई जगदाळे दोन बादल्या आणि फडकी घेऊन अंगणात आल्या आणि त्यांनी गाडीच्या टपावर पहिला तांब्या ओतला. गाडी भिजलीच नाही. पाण्याचे गोल मणी झाले, टपावरून काचेवर, काचेवरून बॉनेटवर घरंगळले आणि फरशीवरूनही तसेच पळत जाऊन गटारात पडले. बाईंनी दुसरा तांब्या ओतला. पुन्हा तेच. मग त्यांनी तबकातली चिमूटभर हळद बॉनेटला लावली, तर ती हळदही घसरली आणि त्यांच्याच पायांवर सांडली.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवस त्या आणि त्यांचे यजमान धैर्यशीलराव कराडला नणंदेकडे गेले होते. तेवढ्या वेळात कुणीतरी त्यांच्या गाडीला 'नितळ' लावून टाकलं होतं.

"अहो, बाहेर या!" त्या ओरडल्या. "गाडीचं वाट्टोळं केलं यांनी!"

नितळ म्हणजे एक लेप. त्याला डोळ्यांना न दिसणारी लव असते आणि उन्हावर त्या लवेत वीज खेळत राहते. धुळीचा कण जवळ आला की टेकण्याआधीच बाहेर ढकलला जातो. साताऱ्याबाहेर, खडीच्या खाणींना खेटून वसलेल्या अमराई कॉलनीला हा लेप म्हणजे देव पावल्यासारखा होता. (कॉलनीत आंब्याचं झाड एकही नाही, पण नावाला कोण अडवणार?) पूर्वी इथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. आता भिंती, काचा, फरश्या, टाक्या, गाड्या, सगळं नितळ झालं होतं. उघडी माती फरशीखाली गेली होती आणि हिरवळही प्लास्टिकची होती. गाडी घरी धुतात हे नव्या पिढीनं पाहिलंच नव्हतं. दसऱ्याला गाडीवर कुंकू टिकेना, तेव्हा कुंकू तबकातच ठेवायचं आणि लांबूनच ओवाळायचं, असा नवा शास्त्रार्थ कॉलनीनं काढला होता.

राहिली होती फक्त जगदाळ्यांची गाडी. वैजयंताबाईंनी जन्मभर मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. आपोआप धावणाऱ्या गाड्या आल्या, स्कूल बंद पडलं, पण स्टिअरिंगवाली शेवटची गाडी त्यांनी विकली नाही. रोज सकाळी ती धुवायची, तीही स्वतः. आपला हात जगन्नाथ. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, सुरुवात टपापासून आणि चाकं सगळ्यात शेवटी. चाकांचं फडकं कुणी दाराला लावलं तर त्याची धडगत नसे. वाळवायचं काम धैर्यशीलरावांचं. त्यांना थोडा दमा होता, म्हणून ते खुर्ची टाकून बसत आणि वडिलांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं एकेक दार टिपून घेत. पाणी उन्हात आपोआप वाळलं की पत्र्यावर क्षारांचे पांढरे डाग पडतात, हे ते रोज न चुकता सांगत, आणि बाई रोज न चुकता म्हणत, "माहितीये हो."

"काय वहिनी, कसं वाटलं?" कॉलनीचे चेअरमन प्रतापराव बर्गे नवा सदरा घालून हसत हसत आले. "दसऱ्याची भेट! कॉलनीतली एवढी एकच गाडी राहिली होती. दिवाळीच्या तोंडावर निर्धूळ वसाहत पुरस्काराचे परीक्षक येणार आहेत."

"मला विचारलं होतंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग नाहीच म्हणायचं होतं मला!"

"रागावू नका. अख्ख्या कॉलनीत धूळ असायची ती तुमच्या गाडीवर. रोज धुता आणि संध्याकाळी पुन्हा थर. लोक तर म्हणतात, धूळ तुमच्या गाडीतूनच येते."

"प्रतापराव, तुम्हाला गाडी मी शिकवली. आरशात न बघता गाडी मागं घ्यायची खोड तुमची तेव्हाही होती." बाईंनी बादली उचलली. "आज सण आहे म्हणून सोडते."

बर्गे काही वाईट माणूस नव्हते. कॉलनी चकचकीत दिसली की त्यांना स्वतःचं लेकरू पहिलं आल्यासारखा आनंद व्हायचा, इतकंच.

दसरा झाला आणि धैर्यशीलरावांचा दमा उसळला. आधी जिना चढताना, मग सपाटीवर चालताना आणि मग नुसतं बोलतानाही. एक वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागे. पंप उशाशी आला. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि म्हणाले, "तुम्ही नशीबवान आहात, तुमच्या कॉलनीत धुळीचा कण नाही. घरातल्या उशा, गाद्या बदलून बघा." बाईंनी उशा, गाद्या, पडदे सगळं बदललं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रात्रभर त्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसत. छातीतली शिट्टी त्यांच्या तळव्याला लागत होती आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीची खरोखर भीती वाटत होती.

गाडी धुण्यात आता अर्थ उरला नव्हता, पण हाताची सवय जात नाही. एका दुपारी बाईंनी ते धोतराचं फडकं उगीचच धुतलं आणि पिळून दोरीवर टाकलं. संध्याकाळी पाहतात तर पांढरं फडकं राखाडी झालेलं. त्यांना वाटलं, नीट धुतलं गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी साबण लावून खसखसून धुतलं. पुन्हा राखाडी. घरात टेबलावर बोट फिरवावं तर बोट स्वच्छ, खिडकीची काच स्वच्छ, दोरी बांधलेला खांबसुद्धा स्वच्छ, आणि मध्ये लोंबणारं ओलं फडकं तेवढं मळकं!

त्यांनी लेपाच्या कंपनीत तक्रार केली. तपासणीला ऋता कणसे नावाची तरुण इंजिनिअर आली. तिनं भिंती पाहिल्या, काचा पाहिल्या, गाडी पाहिली.

"काकू, लेप उत्तम आहे. फडकं सुती आहे, ओलं आहे, त्याला नितळ नाही. म्हणून त्याच्यावर धूळ बसली."

"ते मलाही दिसतंय. पण बसायला ती आली कुठून? तुमच्या लेपानं धूळ गेली ना?"

"गेली म्हणजे… बसत नाही."

"बसत नाही ती जाते कुठं, पोरी?"

ऋतानं पिशवीतून धूळ मोजायचं तळहाताएवढं यंत्र पुन्हा काढलं, आतापर्यंत ते ती भिंतींना टेकवत होती, आणि पहिल्यांदाच ते नुसतं हवेत धरलं. आकडा पाहून तिनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं कंपनीचं हसू मावळलं होतं.

"काकू, लेप कणाला ढकलतो तेव्हा कणावरही थोडा विद्युतभार चढतो. सगळ्या कणांवर सारखाच. सारखे भार एकमेकांना लांब ढकलतात, त्यामुळे कण एकत्र येऊन जड होत नाहीत, खाली पडत नाहीत. तरंगत राहतात. लेप नसलेलं, ओलं काही मिळालं की तिथंच चिकटतात."

"म्हणजे आमची गाडी…"

"लेप नसलेली, पत्र्याची आणि रोज ओली होणारी. कॉलनीची धूळ ती ओढून घेत होती आणि तुम्ही ती रोज धुऊन गटारात सोडत होता."

"आणि आता गाडीलाही लेप लागला. मग या कॉलनीत ओलं आणि लेप नसलेलं उरलं काय?"

आत धैर्यशीलराव खोकत होते. खोकला थांबेपर्यंत दोघी खिडकीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तुमच्या कंपनीला हे ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला भिंती आणि काचा तपासायला सांगतात. हवा तपासायला कुणी सांगितलंच नाही." ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या महिन्यात शाळांच्या वर्गांना लेप लावायचं काम सुरू होतंय. मी आजच हे आकडे वर पाठवते. पण ऐकतील की नाही, सांगता येत नाही."

"तू आकडे पाठव. माझं मी बघते. लेप काढायचा कसा?"

"निघत नाही. रंगासकट घासून काढला तरच. गाडी विद्रूप होईल, काकू."

"होऊ दे. इथं माझ्या नवऱ्याचे ओठ निळे पडतायत आणि मी रंग सांभाळू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचा गठ्ठा घेऊन आल्या. पदर खोचला, कागद पाण्यात बुडवला आणि बॉनेटवर घासायला सुरुवात केली. ओल्या कागदानं घासलं म्हणजे भुकटी उडत नाही, गाळ होऊन खाली उतरते. खर्र, खर्र असा आवाज अख्ख्या कॉलनीत घुमायला लागला. निळा रंग गेला, खालचं करडं अस्तर गेलं, आणि पत्रा उघडा पडला. या गाडीवर त्यांनी कधी एक ओरखडा खपवून घेतला नव्हता. आता स्वतःच्या हातानं तिची कातडी सोलताना त्यांचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

लोक जमले. बर्गे धावत आले.

"वहिनी, हे काय चालवलंय? चार दिवसांवर परीक्षक आलेत!"

"येऊ देत. त्यांनाही बसायला खुर्ची देते."

"कॉलनीचा नियम आहे. लेपाशिवाय वस्तू आवारात ठेवता येणार नाही. गाडी बाहेर काढावी लागेल."

"काढून दाखवा." बाईंनी मान वर केली. "माझ्या दारातली गाडी मला न विचारता रंगवलीत, तेव्हा नियम कुठं गेला होता? आता मी उभी आहे इथं. लावा हात."

कुणी हात लावला नाही. बाईंनी घासता घासताच ऋतानं सांगितलेलं सगळं सांगितलं. काही जण हसले. एक जण म्हणाला, "आमच्या घरात तर कणभर धूळ नाही." बाई म्हणाल्या, "घरात नाही, बरोबर. घरातल्यांत आहे का ते बघा."

दुपारी बॉनेट आणि टप उघडे झाले. बाईंनी दोन तांबे पाणी ओतलं. पाणी पसरलं, पत्र्यानं ते घेतलं. आतल्या खिडकीतून धैर्यशीलराव क्षीण आवाजात म्हणाले, "अगं, टिपून घे, डाग पडतील."

"आज पडू देत!" त्या म्हणाल्या. "प्रतापराव, बसा इथं. तुम्हाला एकदा आरशात बघायला लावतेच."

बर्गे बसले, कारण सगळे बघत होते. पलीकडच्या डोंगरात सुरुंगाचा आवाज झाला. नेहमीसारखाच, कुणी मानही वळवली नाही. बाई थोड्या थोड्या वेळानं पाणी शिंपडत राहिल्या. हळूहळू ओल्या पत्र्यावरची चकाकी मावळली. बघता बघता त्याच्यावर राखाडी साय धरली. मघाशी हसणारे पुढे सरकून वाकून पाहायला लागले. आभाळ स्वच्छ होतं, फरशी लखलखीत होती, बाकीच्या गाड्यांत तोंडं दिसत होती, आणि या एका पत्र्यावर धूळ उतरत होती.

बाईंनी धोतराचं फडकं त्यावरून एकदा सरळ ओढलं आणि बर्ग्यांच्या मांडीवर ठेवलं. फडक्याचा चिखल झाला होता.

"एवढी धूळ…" बर्ग्यांनी फडक्याला बोट लावून पाहिलं. "एवढी धूळ होती कुठं?"

बाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बर्ग्यांनी फडकं मांडीवरून उचलून बादलीत टाकलं. मग उठले. "परीक्षक येऊन जाऊ देत, वहिनी. मग कमिटीपुढं विषय घेऊ. तोवर गाडीवर कव्हर टाका." त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता, पण शब्द तेच होते. लोकही पांगले. कुणी बाईंच्या बाजूनं बोललं नाही, विरोधातही बोललं नाही.

पुढचे दोन दिवस बाईंनी कव्हर टाकलं नाही. सकाळ-संध्याकाळ गाडी धुतली, मळू दिली, पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी धैर्यशीलरावांनी जेवताना मध्ये न थांबता अर्धी भाकरी खाल्ली. बाई वाढायचं विसरून बघत राहिल्या.

"पण एक सांग," ते सावकाश म्हणाले, "ही एक गाडी साऱ्या कॉलनीला पुरी पडेल का?"

"नाही पडणार," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही. रात्री शिट्टी कमी झाली होती, थांबली नव्हती. पलीकडच्या इमारतीत कुणाचं तरी तान्हं मूल सारखं खोकत होतं, तेही आता त्यांना ऐकू येऊ लागलं होतं.

"मग?"

बाईंनी हात धुतले, उरलेले पॉलिश पेपर काखेत मारले, बादली उचलली आणि त्या थेट बर्ग्यांच्या दारात गेल्या. बेल वाजली. बर्ग्यांनी दार उघडलं. त्यांच्या हातात उद्याच्या परीक्षकांसाठी आणलेला हार होता.

"आता काय, वहिनी?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुमची गाडी टपापासून घासायला घेऊ, का तुम्ही सांगाल त्या दारापासून?"