वीटभट्टीजवळचं फिकट शेत

“झूठ बोल रहे हैं तेरे नानाजी. सॅटेलाइट से सब दिखता है!”

ओजस्विनी हे झोपाळ्यावर उभी राहून बोलली, आणि इतक्या जोरात, की सोसायटीच्या पार्कात क्रिकेट खेळणारी मुलंसुद्धा थांबली. समोर जसलीन होती, तिची एकुलती एक घट्ट मैत्रीण. दोनच मिनिटांपूर्वी ती कौतुकानं सांगत होती, की नानाजींनी यंदा सगळ्या शेतात नव्या पद्धतीनं भात पेरलंय. मुलं हसली. कुणीतरी ‘फेकू नानाजी’ म्हणालं. जसलीननं सायकल उचलली आणि निघून गेली.

“दीदी, तूने गलत किया,” धाकटा ध्रुव म्हणाला. तो दहा वर्षांचा. मराठी सगळं समजायचं, पण ताईची चूक काढायची असली की हिंदीच बोलायचं, असा त्याचा नियम होता.

“मी खरं तेच बोलले.”

तिला ते खरंच वाटत होतं. त्यांची आई, ऋजुता, मोहालीतल्या एका कंपनीत होती. मुलांना जूनची सुट्टी, म्हणून सध्या ती चंडीगडच्या घरातूनच काम करायची. उपग्रह रडारनं शेतांची चित्रं काढायचा आणि त्यावरून कुठे भात आहे ते आई नकाशावर नोंदवायची. भात लावणाऱ्या शेतकऱ्यांची गावोगावची यादी त्याच नकाशावरून बनायची. ढग असोत की धूळ, रडारला अडत नाही. रोपं लावण्यासाठी पाणी भरलेलं शेत त्यात काळं दिसतं, कारण सपाट पाण्यावर पडलेल्या लहरी पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे परत येत नाहीत. कोरडं ढेकळांचं शेत मात्र फिकट दिसतं.

त्या सकाळी आई आंघोळीला गेली असताना ओजस्विनीनं पडद्यावर नानाजींचं गाव शोधलं होतं. जानेवारीत लोहडीच्या सणाला ती तिथे जाऊन आली होती. वीटभट्टीचं धुराडं पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकत होतं. त्याला लागून नानाजींचं शेत. आजूबाजूची सगळी शेतं काळी आणि हे एकटंच फिकट. त्यावर टिचकी मारली, तर अक्षरं आली: ‘जागेवर जाऊन पाहणी केली. शेत रिकामं.’

यापुढे बोलायचं ते काय?

दोन दिवस जसलीन पार्कात आली नाही. बुधवारी सकाळी ती दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. नानाजींना निरोप आला होता, की त्यांचं शेत रिकामं निघालंय, तेव्हा भाताच्या यादीतून नाव कमी होणार. शुक्रवारी ती यादी गुरुद्वाऱ्याच्या लाऊडस्पीकरवरून अख्ख्या गावाला वाचून दाखवणार होते. नानाजी पूर्वी गावाचे सरपंच होते. त्यांच्यावर विश्वास ठेवून आणखी चार घरांनी तशीच पेरणी केली होती. आता सगळ्यांदेखत ते खोटे ठरणार होते.

“नीचे मामाजी गाडी में हैं,” जसलीन म्हणाली. “चल. अपनी आँखों से देख ले.”

ओजस्विनीनं लगेच फोन खिशात टाकला. रिकाम्या शेताचा फोटो काढून आणायचा, म्हणजे विषयच मिटेल, असं तिच्या मनात होतं. पुढे कितीतरी दिवस हे आठवलं की तिचे कान तापायचे.

आईनं टोप्या दिल्या, पाण्याच्या तीन बाटल्या दिल्या, ओआरएसची पाकिटं दिली, मामाजी गाडी किती जोरात चालवतात ते विचारलं. मग गावाचं नाव ऐकलं आणि ध्रुवच्या टोपीचा पट्टा लावता लावता तिचा हात थबकला.

रस्त्यावरून पाहिलं, तर शेत खरोखरच रिकामं होतं. तपकिरी, भेगाळलेली माती. ओजस्विनीनं गाडीतूनच दोन फोटो काढले. जसलीन तिच्याकडे नुसती बघत राहिली.

ध्रुव मात्र उतरून एका टिटवीच्या मागे शेतात पळाला आणि मध्येच उकिडवा बसला. “दीदी! नीचे देख, नीचे!”

ओजस्विनी बांध ओलांडून गेली. मातीतून सुईसारखी हिरवी पाती वर आली होती. बोटभर उंच, वहीतल्या रेघांसारख्या सरळ ओळींत, थेट वीटभट्टीच्या भिंतीपर्यंत. तिनं फोन खिशात ठेवून दिला.

नानाजी बोअरवेलच्या खोलीतून काठी टेकत आले. पार्कातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या हसण्यावरून कळत होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. ते भाताला पंजाबीत ‘झोना’ म्हणत होते. त्यांनी समजावून सांगितलं, की या पद्धतीत शेत आधी ओलं करायचं, मग यंत्रानं थेट बी पेरायचं आणि एकवीस दिवस पाणी द्यायचंच नाही. पाण्याच्या शोधात मुळं खोल जातात. आज एकविसावा दिवस होता.

म्हणजे उपग्रह खोटं बोलला नव्हता. तिथे पाणी साचलेलं नाही, एवढंच त्यानं दाखवलं होतं. ‘रिकामं’ हा शब्द माणसानं लिहिला होता.

ध्रुवनं विचारलं, शेत बघायला कोण आलं होतं? कुणीच नाही, नानाजी म्हणाले. दिवसभर ते इथेच असायचे, आणि त्यांचा कुत्रा अनोळखी माणसाला बांधापाशीच अडवायचा.

“मग कुणीतरी न येताच लिहिलंय,” ओजस्विनी म्हणाली. “आपण त्याला शोधून काढू.” तिला एकदम हायसं वाटलं. चूक दुसऱ्या कुणाची तरी होती.

घरी आल्या आल्या तिनं आईचा लॅपटॉप उघडला. आई स्वयंपाकघरात होती. फिकट शेतावर टिचकी, मग पाहणीची नोंद. खाली तारीख होती, सतरा जून, सकाळचे अकरा चाळीस. आणि पाहणी करणाऱ्याचं नाव.

ऋजुता.

ध्रुवनं दोनदा वाचलं. सतरा तारखेला त्याला एकशेतीन ताप होता. मग तो हळूच, चक्क मराठीत म्हणाला, “त्या दिवशी आई माझ्याजवळ होती. दिवसभर.”

आई दारात उभी होती. ती रागावली नाही. लॅपटॉपला हात का लावला, असंही तिनं विचारलं नाही.

“तेवीस शेतं फिकट होती,” ती म्हणाली. “तेवीसही जागेवर जाऊन बघायची होती. दरवर्षी अशी शेतं रिकामी नाहीतर चाऱ्याची निघतात. म्हटलं, आत्ता लिहून टाकू, याचा ताप उतरला की बघून येऊ.”

“गेलीस?”

“नाही.”

कुकरची शिट्टी झाली. कुणीच उठलं नाही. ओजस्विनीला आईचा राग यायला हवा होता, पण येईना. पडद्यावर बघून ठरवून टाकणारी घरात आई एकटीच नव्हती.

आईनं तिथेच, मुलांसमोर सौमित्र सरांना फोन लावला. ते तिचे साहेब. सगळं ऐकून ते म्हणाले, की एवढं काय, तांत्रिक चूक म्हणून दुरुस्त करून टाकू, कुणाचं नाव यायला नको.

आईचा चेहरा लाल झाला होता. “तांत्रिक नाही, सर. माझी आहे. तसंच लिहा.”

गुरुवारी पहाटे पाचला आई गाडी घेऊन निघाली. दोघं मुलं बरोबर होती आणि जसलीनही, कारण त्या गावांच्या वाटा तिलाच ठाऊक होत्या. शेतात उतरायचं, खाली वाकायचं, फोटो काढायचा. संध्याकाळपर्यंत तेवीस शेतं झाली. नानाजींच्या शेताखेरीज आणखी चार शेतांत हिरव्या सुया सापडल्या.

शुक्रवारी लाऊडस्पीकरवर वाचलेल्या यादीत नानाजींचं नाव आलं. त्यांच्या अंगणात आईनं हात जोडून त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, पुढच्या वेळी आधी चहाला या, म्हणजे शेतही बघून होईल. मग ओजस्विनीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं, “शाबाश, पुत्तर! उपग्रहापेक्षा तुझे डोळे चांगले.” सौमित्र सरांनीही मुलांच्या चौकसपणाचं कौतुक कळवलं. ओजस्विनी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. शेजारी जसलीन होती, आणि ती हसत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी पार्कात तीच सगळी मुलं होती. ओजस्विनी जसलीनजवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, की मी न बघता बोलले, माझं चुकलं.

“जोर से बोल,” जसलीन म्हणाली. “उस दिन तो जोर से बोली थी.”

ओजस्विनी झोपाळ्यावर चढली. दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. क्रिकेट थांबेपर्यंत ती थांबली. मग बोलली.